चेटकीण, चिमणराव आणि आबा

चपला बाहेरच काढा, आणि कुठे काढल्या ते नीट बघून ठेवा. नंतर या ढिगातून आपली जोडी शोधायला वेळ लागतो. गिरगावातल्या चाळीचा हा दुसरा मजला. सत्तरचं दशक सरत आलंय. गॅलरीत अजून रॉकेलचा वास रेंगाळतोय, कुणाच्या तरी घरात लसणाची फोडणी नुकतीच पडलीय, पण स्टोव्ह भराभर विझताहेत, कारण सगळ्यांना टोकाच्या खोलीत पोचायचंय. अण्णांकडे. मजल्यावरचा एकमेव टीव्ही त्यांचा.

आत शिरा. तुम्हाला जागा मिळेल ती पलंगाच्या पायाशी. मांडी घालून बसा आणि मान जरा खाली ठेवा, मागच्या आजींना दिसायला हवं. कोपऱ्यात चार पायांवर उभं असलेलं ते छोटं लाकडी कपाट म्हणजेच टीव्ही. काकू त्यावरचं विणलेलं आच्छादन काढून घडी करतात, दोन सरकती दारं दोन बाजूंना सारतात, बटण दाबतात. लगेच काही दिसत नाही. आधी आवाज येतो, चित्र मागाहून, तेही कडेकडेनं उजळत. तेवढ्या वेळात खोलीत कुणी बोलत नाही. पडद्याच्या इतक्या जवळ बसलीय की अण्णा दर खेपेला तिला मागे सरकायला सांगतात, ती दोन वेण्यांची मुलगी म्हणजे मी.

तुम्हाला इथवर आणलं, कारण दुसरा मार्गच नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीहून सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. त्या काळी टेप महाग. एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसायचा आणि त्याच टेपवर पुढचा मुद्रित करायचा. काही कार्यक्रम तर थेटच जायचे. त्यामुळे त्या पहिल्या वर्षांतलं कितीतरी काम आज कुठेच पाहायला मिळत नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत जेवढं राहिलं तेवढंच शिल्लक. आज तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघा.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काकूंनी पेन्सिलीनं आठवड्याचे कार्यक्रम उतरवून ठेवलेत, ‘साप्ताहिकी’त ऐकलेले. आजच्या वाराखाली एकच शब्द आहे आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात. चिमणराव.

आला बघा. धोतर, कोट, टोपी. अंगकाठी अशी की कोट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबतोय. पाठोपाठ गुंड्याभाऊ, म्हणजे बाळ कर्वे, हातात सोटा आणि आवाज वरच्या पट्टीत. चिमणरावाला भीती वाटते आणि ती लपवायची असते. गुंड्याभाऊला भीती ठाऊकच नाही आणि ते जगाला सांगायचं असतं. त्यात घरी काऊ आहे, मोरू, मैना, राघू ही पोरं आहेत. चिं. वि. जोशींनी बडोद्यात बसून, पालीच्या अभ्यासाच्या जोडीनं लिहिलेलं हे कुटुंब आता गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरलंय, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते शेजारचं वाटतंय.

आता एक काम करा. गुंड्याभाऊ काहीतरी फुशारकीचं बोलतोय, सगळे त्याच्याकडे बघून हसताहेत, तुम्ही मात्र चौकटीच्या कडेला बघा. चिमणरावाला या क्षणी वाक्य नाही. तो फक्त ऐकतोय. डोळे गुंड्याभाऊकडे जातात, तिथून दाराकडे, पुन्हा गुंड्याभाऊकडे. एक आवंढा. हात कोटाच्या गुंडीशी जातो. गुंडी लावलेलीच आहे, तरी तो ती पुन्हा लावतो. दिलीप प्रभावळकर या माणसाची मी आयुष्यभराची चाहती झाले ती या गुंडीपाशी. वाक्य दुसऱ्याचं, कॅमेरा दुसऱ्यावर, आणि तरी कडेला उभं राहून हा माणूस तुमच्याआमच्या सगळ्यांची भीती त्या दोन बोटांत आणून ठेवतो.

खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर तळमजल्याचे आजोबा बसलेत. चिमणरावाच्या कथा त्यांनी तरुणपणी वाचलेल्या. सुरुवातीला ते जरा आखडूनच बसले होते. पुस्तकातला माणूस पडद्यावर कसा दिसणार, याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. आता ते काठीवर हनुवटी टेकवून पुढे झुकलेत.

“काय आजोबा, जमलाय का?” अण्णा विचारतात.

“जमलाय काय विचारतोस अरे! माझ्या डोळ्यांपुढे होता तो अस्साच होता. ह्याला कुठे भेटला कोण जाणे.”

माणूस जणू खरोखरच सदाशिव पेठेत कुठेतरी राहत होता आणि या नटानं त्याला गाठून बघून घेतलं, असं आजोबांना वाटतंय. नटाला याहून मोठी पावती कोणती द्यायची?

थोडा वेळ वरळीला चला. त्या उंच मनोऱ्याखालच्या स्टुडिओत. अंगावर येणारा दिव्यांचा उकाडा, जमिनीवर वेटोळी घालून पडलेल्या जाड केबल, चाकांवरून सरकणारे कॅमेरे. भिंती प्लायवूडच्या, रंगवलेल्या. दार जोरात आपटलं तर खिडकीही हलते. टेप कापून जोडणं जिकिरीचं, म्हणून प्रवेशच्या प्रवेश सलग मुद्रित व्हायचे. शब्द अडखळला, तर सावरून पुढे जायचं. अशा ठिकाणी कोण टिकणार? ज्याला रंगभूमीवर रोजच्या रोज सावरायची सवय आहे तो. म्हणून मुंबई दूरदर्शनची ती वर्षं नाटकवाल्या माणसांनी उचलून धरली, आणि मला वाटतं, म्हणूनच त्या कार्यक्रमांना जिवंत माणसाचा श्वास होता. आता तंत्र कितीतरी पुढे गेलंय, पण चिमणराव आवंढा गिळताना अख्खी खोली श्वास रोखायची, ते मला नंतर क्वचित अनुभवायला मिळालं.

प्रभावळकरही नाटकातूनच आलेले. ‘रंगायन’मध्ये, विजय तेंडुलकरांच्या ‘लोभ नसावा ही विनंती’त त्यांनी काम केलं. मग रत्नाकर मतकरींची बालनाट्यं. तिथेच माझ्या बालपणातली सगळ्यात मोठी घटना घडली, आणि ती तुम्हाला दाखवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

चिमणरावच्याही काही वर्षं मागे या. मे महिन्याची सुट्टी, दुपारचा प्रयोग, नाट्यगृह पोरांनी गच्च भरलेलं. ‘अलबत्या गलबत्या’. पंखे फिरताहेत पण वारा लागत नाहीये. कुणीतरी खोबऱ्याची वडी सांडलीय. आणि रंगमंचावर येते चिंची चेटकीण. वाकलेली, चिरक्या आवाजाची, बोटं पंज्यासारखी पुढे काढलेली. पहिल्या रांगेतली दोन पोरं थेट आईच्या मांडीत. माझ्या आईच्या हातावर माझ्या नखांचे वण उठले. आणि गंमत अशी की तेवढ्या भीतीतही ती चेटकीण रंगमंचावरून जाऊ नये असंच आम्हाला वाटत होतं. ती गेली की आम्ही सगळे तिची वाट बघत बसलो.

आता परत अण्णांच्या खोलीत. चिमणराव संपलाय, काकूंनी दारं सरकवलीत, लोक उठताहेत. माझी आई माझ्या कानाशी वाकते. बघा, आता बघा.

“बाळ्या, हा कोण आहे ठाऊक आहे का? आपली चेटकीण.”

“चेटकीण?”

“हो. चिंची चेटकीण. हाच तो.”

मुलीच्या चेहऱ्याकडे नीट बघा. ती बंद झालेल्या लाकडी दारांकडे बघतेय. आवंढा गिळणारा तो भित्रा माणूस आणि ती पंजे काढणारी बाई, दोघंही एकाच जागी राहतात, हे तिच्या डोक्यात मावत नाहीये. त्या रात्री तिला झोप लागत नाही. भीतीनं नाही. माणूस असा पूर्णपणे दुसरा होऊ शकतो, ही एवढी मोठी बातमी कळल्यावर झोप कशी लागणार?

लोकांचे आवडते नट त्यांना चालण्यावरून ओळखू येतात, हसण्यावरून, केसांच्या वळणावरून. माझा आवडता नट मला दर वेळी नव्यानं शोधावा लागला.

आता पुढे या, नव्वदच्या दशकात. टीव्ही रंगीत झालाय, दारं असलेली कपाटं गेलीत, चाळीच्या गच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी घराघरांत उतरल्यात. इथे फार थांबायचं नाही. तुम्हाला ‘चौकट राजा’चा नंदू दिसेल, 1991 चा. शरीरानं वाढलेला, मनानं लहानच राहिलेला. त्याला बघताना शेजारचे सगळे डोळे पुसताहेत. दूरदर्शनवरच्या ‘साळसूद’मध्ये तोच नट अंगावर काटा आणणारा खलनायक झालेला दिसेल, आणि मग 1993 मध्ये तात्या विंचू. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’, रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला, आणि त्याच्या आत प्रभावळकरांचा आवाज. टीव्हीवर हा चित्रपट कितीदा लागला याची गणतीच नाही. माझी मुलगी पडद्याआडून एक डोळा बाहेर काढून बघायची, बाहुला हलला की डोळा आत.

तिला मी जवळ घेऊन सांगितलं, “अगं, हेच आपले चिमणराव.”

“कोण चिमणराव?”

तिला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. टेप नाही, चित्रफीत नाही. मी गुंडी लावून दाखवली.

नव्या शतकात मात्र सावकाश उतरा. डोंबिवली, तिसरा मजला, रात्रीची जेवणाची वेळ. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलंय, त्यावर पिठलं आणि भाताचं पातेलं, ताटं टीव्हीच्या दिशेनं वळलेली. 2000 च्या जुलैत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झालं, तेव्हापासून दागिन्यांनी मढलेली मोठमोठी घरं, तीन तीनदा वळून बघणारे चेहरे आणि ढोलांचा गडगडाट घरोघरी पोचलाय. सासूबाईंना ते आवडतं, आणि का आवडू नये? दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी कुणाचं तरी झगमगतं घर बघावंसं वाटतं. पण आठवड्यातल्या एका रात्री रिमोट न मागता सासऱ्यांच्या हातात जातो. त्या रात्री अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ असतं.

या घराला बघा. टिपऱ्यांचं. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका, नातू शिऱ्या. कुणी कुणाला विष घालत नाही. कुणाची प्रॉपर्टी बळकावायची नाही. गोष्ट घडते ती एखाद्या साध्या निमित्तानं, घरात काहीतरी नवं येतं, कुणाला काहीतरी हवं असतं, कुणाचा तरी मान दुखावतो. आणि आबा हे सगळं बघतात आणि डायरीत लिहितात. मूळ लेखनही प्रभावळकरांचंच, ‘अनुदिनी’ हे त्यांचं पुस्तक. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. म्हणजे या खेपेला हा माणूस दुसऱ्याच्या कातडीत शिरलाय एवढंच नाही, ते घरही त्यानं स्वतःच्या मनातून उभं केलंय.

आबांचं वय सत्तरीच्या पुढचं. प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे तेव्हा ते साठीलाही पोचले नव्हते. आता आबांना खुर्चीतून उठताना बघा. उठायच्या आधी ते एक क्षण थांबतात. गुडघ्यांना आगाऊ सूचना देतात जणू. मग हात, मग कंबर, मग पाय, आणि उभं राहिल्यावर लगेच चालत नाहीत, आधी तोल आपलासा करतात. हे बघून आमच्याकडे सासऱ्यांनी घास हातातच धरून ठेवला होता. ते तसेच उठत. आपण असे उठतो हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा दिसलं असावं.

सासरे फार बोलणारे नव्हते. निवृत्तीनंतर तर आणखी मिटले. कपाटात नव्या वर्षाची एक डायरी रिकामी पडून होती, कोणीतरी भेट दिलेली. टिपरे सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती खिडकीपाशी दिसू लागली. बघा, ते तिथे बसलेत, चष्मा नाकावर घसरलाय, आणि लिहिताहेत. सुरुवातीची पानं दुधाच्या हिशेबाची, मला माहीत आहेत, कारण ती त्यांनी मला दाखवली. त्यापुढची त्यांनी कुणालाच दाखवली नाहीत. पण जेवताना ते एखादं वाक्य टाकू लागले. “आज गॅसवाल्याशी बोललो. त्याचा मुलगा दहावीला आहे.” एवढंच. पण आमच्या जेवणाच्या वेळेत ही नवी गोष्ट होती, आणि ती आबांनी आणली.

मालिका बघून काय होतं, असं कुणी विचारलं की मला ती डायरी आठवते. कोणत्याही सल्ल्यानं जे झालं नसतं ते एका नटानं खुर्चीतून नीट उठून दाखवल्यानं झालं. चाहता म्हणजे पोस्टर लावणारा, सही घ्यायला धावणारा, असं लोक समजतात. मी प्रभावळकरांची सही कधी मागितली नाही. त्यांनी निर्माण केलेली माणसं आमच्या घरात येऊन राहिली, जेवली, आमच्या सवयींत मिसळली. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते घरच्या माणसाबद्दल वाटावं तसं आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कामाबद्दल कुणी उथळ बोललं की मला मनापासून राग येतो. विनोदी नट, म्हणे. ज्यानं नंदू केला त्याला नुसतं विनोदी नट म्हणायचं?

2006 च्या सप्टेंबरात एका चित्रपटगृहात डोकावून या. ‘लगे रहो मुन्नाभाई’. वाचनालयात मुन्नासमोर गांधीजी उभे राहतात, आणि आमच्या ओळीत एकदम कुजबुज उठते, “अरे, आपले आबा!” पुढच्याच मिनिटाला ती कुजबुज थांबते, कारण आबा तिथे नाहीतच. चिमणराव नाही, चेटकीण नाही, तात्या विंचू तर नाहीच. समोर गांधीजी आहेत. देशभरातल्या प्रेक्षकांना तो नट नवा होता. आमच्या ओळीला तो वर्षानुवर्षांचा ओळखीचा होता, तरी आम्हालाही तो नवाच दिसला. त्या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा मान त्यांना ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या दोन चित्रपटांसाठी मिळाला. मला झालेला आनंद मी आईला फोन करून सांगितला. ती म्हणाली, “चेटकिणीला मिळालं म्हणायचं!”

शेवटचा थांबा 2025 चा सप्टेंबर. ‘दशावतार’. पडद्यावर कोकण आहे, रात्रीच्या जत्रेतला दशावताराचा खेळ आहे, आणि बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा कलावंत, आयुष्यभर देवादिकांची सोंगं घेतलेला. नटाचं वय 81. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगी. 2001 मध्ये खुर्चीतून उठताना गुडघ्यांची परवानगी घेणारा हा माणूस आता रंगलेल्या चेहऱ्यानं, किरीट घालून, अंगात वारं शिरल्यासारखा रानात वावरतोय. सोंगामागून सोंग चढवणाऱ्या माणसाची भूमिका त्यांच्याकडे यायला इतकी वर्षं लागली, आणि ती आली तेव्हा ती पेलण्याचं बळ त्यांच्यात शिल्लक होतं, याचा आनंद मी शब्दांत कसा सांगू? मध्यंतरापर्यंत माझा रुमाल ओला झाला होता, आणि चित्रपट तेव्हा रडण्याच्या जागेवर आलेलाही नव्हता.

बाहेर पडताना जिन्यातच वाद सुरू होतो. तुम्हीही सामील व्हा. यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं? मुलगी एक क्षण न घालवता म्हणते, तात्या विंचू, नुसत्या आवाजानं एवढं घाबरवणारं दुसरं कुणी दाखव. आई म्हणते, चेटकीण, कारण तेव्हा त्यांच्याकडे ना कॅमेरा होता ना नाव, आणि तरी अख्खं नाट्यगृह मुठीत. सासूबाई आज आल्या असत्या तर आबांसाठी भांडल्या असत्या, ढोलांचा गडगडाट बाजूला ठेवून.

माझं मत ठरलेलं आहे. चिमणराव. पडद्यावरची बाकीची कामं अजून मागवून बघता येतात, त्यांच्या बाजूनं ती स्वतःच बोलतील. चिमणरावाच्या बाजूनं मात्र मलाच बोलावं लागतं.

“पण मी बघितलाच नाही तर मी मत कशाला देऊ?” मुलगी म्हणते.

“मग ऐक,” मी म्हणते, आणि पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडं ठेवून, सुरुवात करते. गुंड्याभाऊ आत येतो, हातात सोटा. आई लगेच मध्येच थांबवते, सोटा आधी दिसायचा, मग माणूस. मी दुरुस्ती करते. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवतोय, मुलगी त्याला हातानं थांबायची खूण करते आणि मला म्हणते, “पुढे?”